बाज जाईल एवढी वाट

बोरजाईवाडीत जमीन दान देणारं माणूस आजवर कुणी बघितलेलं नव्हतं. बांधाची वीतभर माती इकडची तिकडं झाली तर सख्खे भाऊ दहा-दहा वर्षं दहिवडीच्या कोर्टात हेलपाटे घालतात, असलं हे गाव. त्यामुळं चंद्राबाई ग्रामसभेत उभी राहिली आणि ‘वढ्याकडची वाट मी वस्तीला कागदावर लिहून देते’ म्हणाली, तेव्हा सभा गपगार झाली. मागं बसलेल्या एकानं शेजाऱ्याला हळूच विचारलंही, “म्हातारीला बरं न्हाई का काय?”

पण चंद्राबाईला चांगलं बरं होतं. साठी जवळ आली तरी भांगलणीला बाया मागं टाकत होती. सरपंच लालासाहेबांनी त्याच सभेत तिला शाल दिली, नारळ दिला आणि म्हसवडच्या पेंटरला सांगून पाटीही रंगवून घेतली. ‘कै. हवालदार हरिबा मार्ग’. निळ्यावर पांढरी अक्षरं. पाटी वाळायला म्हणून चंद्राबाईच्या सोप्यात आणून ठेवली होती. येता-जाता ती पदरानं तिच्यावरची धूळ पुसायची. नवरा जाऊन दोन वर्षं होत आली, पण त्याचं नाव भिंतीला टेकून उभं बघितलं की तिला घरात माणूस असल्यासारखं वाटायचं.

हरिबाचं रान सडकेला लागून. दहा एकरांचा सलग तुकडा, कालव्याचं पाणी आल्यापासून सगळा ऊस, भोवतीनं तारेचं कुंपण. रानाच्या पलीकडं वीस-बावीस घरांची माळवस्ती. वरच्या अंगाला खडकाचा कडा, तिकडनं शेळीसुद्धा उतरत नाही. म्हणून वस्तीतलं माणूस खाली ओढ्यात उतरायचं, ओढ्याच्या कडेनं हरिबाच्या बांधावरून चालायचं, दोनदा पाण्यातून जायचं आणि मग सडकेला लागायचं. उन्हाळ्यात पंचवीस मिनिटं. पावसाळ्यात पाणी सांगेल तेवढी.

हरिबा पलटणीतून रिटायर झालेला. शिस्तीचा माणूस. पण वस्तीच्या लोकांना त्यानं बांधावरून जायला कधी ना म्हटलं नाही. “हवालदारानं वाट दिली म्हणून आमी हाय,” असं वस्ती म्हणायची. दिवाळीला घराघरातून फराळाचं ताट यायचं.

दोन वर्षांमागं श्रावणात वस्तीतल्या बनुबाईच्या पोराला, गुंडाला, उसात घोणस चावली. सव्वीस वर्षांचा गडी. बाजेवर घालून चौघांनी उचलला आणि ओढ्याच्या वाटेनं पळाले. त्या चौघांत हरिबा होता. सडुसष्टाव्या वर्षी त्यानं बाजेला खांदा दिला. गुंडा पहिल्या वळणापर्यंत बोलत होता. आईला म्हणत होता, घाबरू नगं. ओढ्याला पाणी आलेलं, ते कमरेखाली उतरेपर्यंत थांबावं लागलं. दुसऱ्या वळणावर गुंडा गप झाला. सडकेवर रुग्णवाहिका दार उघडून उभी होती आणि ड्रायव्हर गाणी ऐकत बसला होता.

त्यानंतर हरिबानं अन्न जवळजवळ सोडलंच. ओढ्याच्या बांधावर त्यांचा म्हसोबा होता, त्याला अमावस्येचा निवद दाखवणंही सोडलं. “तूच जा,” म्हणायचा. चंद्राबाई चिडायची. तीन महिन्यांत माणूस गेला. पोराच्या मरणानं खचला, असं सगळं गाव म्हणालं आणि चंद्राबाईनंही तेच धरलं. ती वाट रुंद व्हावी, तिथं मुरूम पडावा, गाडी जावी, हे तिनं त्याच्या तेराव्यालाच मनात घेतलं होतं.

आता दान लिहायचं तर आधी मोजणी हवी. थंडीच्या सुरुवातीला मोजणीवाल्या मॅडम आल्या. भार्गवी त्यांचं नाव, वाईच्या, कोवळ्या वयाच्या, डोक्यावर टोपी आणि हातात उंच काठीचं मशीन. मोजणीसाठी जयराज, चंद्राबाईचा मुलगा, साताऱ्याच्या कारखान्यातून दोन दिवसांची रजा काढून आलेला. लालासाहेब होतेच. वस्तीतली दहा-पंधरा माणसं बांधावर कौतुकानं उभी.

मॅडमनी सकाळभर मशीन फिरवलं. मग जुना नकाशा जीपच्या बॉनेटवर पसरला आणि त्यावर बोट फिरवत राहिल्या.

“ओढ्याकडची वाट तुमच्याच हद्दीत आहे, आजी. ती तुम्ही देऊ शकता,” त्या म्हणाल्या. “पण नकाशात आणखी एक वाट आहे.”

“आनिक कुठली?” जयराजनं विचारलं.

“पाणंद. सरकारी, सगळ्यांच्या वहिवाटीची. सडकेपासून थेट माळापर्यंत. सरळ. तुमच्या उसातनं जाते.”

लालासाहेब हसले. “मॅडम, मशीन उन्हानं तापलं असंल. आमाला कळतंय तवापासनं हितं पानंद न्हाई.”

“मशीनचं जाऊ द्या. पाणंदीच्या तोंडाला दगड दाखवलाय. बाणाची खूण कोरलेला. तो कुठाय?”

दगड कुठंच नव्हता. मॅडमनी कुंपणाच्या आत ऊस बाजूला सारून लाल रंगाची खुंटी ठोकली. “जागा ही. आमचे जुने लोक सांगतात, दगड पुरताना खाली कोळसा टाकायचे. दगड कुणी हलवला तरी कोळसा कुजत नाही. पण उभ्या उसात आज खणत बसायला माझ्याकडं माणसं नाहीत.”

मग सगळे ओढ्याच्या बांधावर गेले. तिथं म्हसोबा. हातभर उंच, चाळीस वर्षांच्या शेंदरानं जाडजूड झालेला. मॅडमनी आधी हात जोडले. नमस्कार करून वर बघताना त्यांची नजर देवाच्या पाठीवर अडकली. तिथं पावसानं शेंदराची खपली निघाली होती आणि खाली दगड सरळ तासलेला दिसत होता. छिन्नीची एक तिरकी रेघ. त्यांनी बोट लावलं नाही, पण आवाज खाली आला.

“आजी, हा देव इथं कधीपासून आहे?”

“पयल्यापासनं,” चंद्राबाई म्हणाली. “हितंच हाय.”

तोंडातून गेलं आणि तिनं जीभ चावली. कारण तो पहिल्यापासून तिथं नव्हता. तो तिनं स्वतः आणला होता.

लग्नाला वर्ष व्हायचं होतं तेव्हाची गोष्ट. हरिबा सुट्टीवर आला होता. एका पहाटे उठून म्हणाला, म्हसोबा सपनात आला, सडकंच्या धुळीनं तरास हुतोय म्हणाला, वढ्याला न्हेऊन ठेव. दोघं नांगराच्या फाळानं सडकेच्या कडेचा दगड उकरायला गेली. हरिबानं तो ओल्या फडक्यात गुंडाळला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. “वाटंत खाली ठिवायचा न्हाई. देव कोपतो.” अठरा वर्षांची पोर, मणभर दगड. तिनं तो ओढ्यापर्यंत नेला. वाटेत मानेत जी कळ आली ती आजतागायत गेली नाही. ती कळ म्हणजे देवाची कृपा, असं ती सुनेलाही सांगायची. दगड ठेवल्यावर हरिबानं त्याला शेंदूर फासला, नारळ फोडला. त्याच सुट्टीत त्यानं वरचा आणि खालचा असे दोन्ही तुकडे एका नांगराखाली घेतले. माळावर तेव्हा दोन-तीनच घरं होती; मधे काही होतं का, हे नव्या नवरीनं कशाला बघावं?

पंचनामा लिहून झाला. मॅडमनी वाचून दाखवला, ‘सदर देवस्थान पूर्वापार त्याच ठिकाणी असल्याचे जमीनमालक सांगतात.’ चंद्राबाईला सही येत होती. तिनं ती केली. ‘चं’वरचं टिंब दोनदा द्यावं लागलं.

घरी आल्यावर जयराजनं दार लोटून घेतलं.

“आये, खरं सांग. त्यो दगड हितं कवा आला?”

तिनं सांगितलं. जयराज खाली बसला.

“बाबांनी? आपल्या बाबांनी?”

“मला काय ठावं न्हवतं रं. मी देवच म्हनत हुते.”

“मंग देवच म्हनायचं.” तो उठला. त्याचा चेहरा घट्ट झाला होता. “आये, आईक. म्हाईत असलेलं सगळं मानूस आता वर गेलंय. मी मोजणीवर हरकत घेतो. नकाशा जुना, मशीन पुढं-मागं दावतंय म्हनतो. आन् आपन वाट दितोयच की. वढ्याची काय, मधली काय, वाट ती वाट. पाटी रंगवून तयार हाय. बाबांना चोर करून तुला काय मिळनार?”

पाटी समोरच होती. तिच्यावरची धूळ पुसायला म्हणून चंद्राबाईचा हात उचलला गेला आणि तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी जयराज साताऱ्याला गेला. एसटी सुटते न सुटते तोच बनुबाई दारात आली. पन्नाशीची, वाळकी बाई, ऊसतोडीला जाऊन हाताला घट्टे पडलेले. पदराखाली नारळ आणि वाटीभर हुलगे.

“आक्का, म्हसोबाला फोडायचा हाय. वाटंचं काम चांगलं हूं दे म्हनून. तुमच्या हातनं फोडा.”

“माज्या हातनं नगं,” चंद्राबाई म्हणाली.

“तसं कसं? वाट तुमची.” बनुबाई उंबऱ्यावर टेकली. “आता कुनाचा गुंडा तसा जायचा न्हाई बगा. हवालदार भावजींचं तर मी कवा फेडू? त्या वयात बाजंला खांदा दिला. वढ्यात पाय सरकला त्यांचा, पर बाज सोडली न्हाई. रडत हुते. मी म्हनलं, भावजी, तुमी का रडताय, आजून जित्ता हाय त्यो.”

चंद्राबाई भिंतीला टेकली. हरिबा रडत होता. बाजेखाली मान वाकवून, पाण्यात उभा राहून, सरळ वाट कुठून जाते हे त्या चौघांत त्याला एकट्याला ठाऊक होतं आणि तो ओढ्याच्या वाटेनंच चालला. कुंपण तोडा, ऊस आडवा करा, एवढे चार शब्द त्याच्या तोंडून निघाले नाहीत. चाळीस वर्षं दाबून धरलेली गोष्ट, ऐनवेळीही त्यानं दाबूनच धरली. मग तीन महिने उपाशी राहून त्यानं काय फेडलं?

“आक्का, बरं न्हाई का?”

“जरा मान धरलीय,” ती म्हणाली. बनुबाईनं तिच्या मानेला तेल लावून दिलं. ते तेल लावून घेताना तिला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

बनुबाई गेल्यावर तिनं खुरपं आणि पहार घेतली. भर दुपारी कुंपणाखालून वाकून लाल खुंटीपाशी गेली. उसाची दोन बेटं उपटली आणि खणायला बसली. वर मऊ माती, मग मुरमाड. हातभर खाली पहार वेगळीच वाजली. तिनं हातानं माती काढली. कोळसा. भुगा नाही, चांगले बोटभर खडे, कालच्या चुलीतले वाटावेत असे काळे. तिनं एक मुठीत दाबला. तळहात काळा झाला.

ती तशीच कोळसा पदरात बांधून पंचायतीत गेली. लालासाहेब एकटेच होते. तिनं टेबलावर गाठ सोडली आणि सगळं सांगितलं. दगडाचं, डोक्यावरून नेलेलं, पंचनाम्यात खोटं बोललेलं.

लालासाहेबांनी आधी उठून दार लावलं.

“वयनी, हे कुनाला बोलला न्हाई न्हवं?”

“तुमालाच पयलं.”

“मंग बास. हितंच ठिवा.” त्यांनी एका कागदानं कोळसा टेबलाच्या कडेला सारला. “हवालदारांनी शाळंला घंटा दिली, देवळाला फरशी दिली. पंधरा आगस्टला झेंडा त्यांच्या हातानं चढायचा. पोरांना काय सांगू मी? आन् वढ्याच्या वाटंचा ठराव वर गेलाय. आता उलटं लिवायचं म्हंजी दोन वर्सं आनिक गेली. तुमी दान करताय, लोक तुमाला देवी म्हनत्यात. घ्या की देवीपन.”

“चोरीचं दान कसलं वं भावजी?”

“कुनाला कळतंय?”

“माज्या मानंला कळतंय,” ती म्हणाली. लालासाहेबांना ते समजलं नाही. तिनं कोळसा परत पदरात गोळा केला. टेबलावर काळा डाग राहिला, तो पुसायला ते शिपायाला हाका मारत होते.

दुसऱ्या दिवशी उजाडताच चंद्राबाई कोयता घेऊन निघाली. पक्कडीनं कुंपणाच्या तारा तोडल्या. मॅडमनी वस्तीच्या अंगालाही एक लाल खुंटी ठोकली होती, तिच्या धोरणानं तिनं तोडायला सुरुवात केली. पूर्ण पाणंद मोकळी करणं एकट्या बाईचं काम नव्हे. तिनं दोन हात पसरून मापलं. बाज जाईल एवढी. बस.

उसाची धारदार पानं तोंडावर, दंडावर चरे पाडत होती. कुसळं गळ्यात जात होती. तुटलेला ऊस मोळी न बांधता बाजूला फेकायचा, पुढं सरकायचं. अकरा वाजेपर्यंत पाठ धरली. जयराजचा फोन दोनदा वाजला. लालासाहेबांनी कळवलं असणार. तिसऱ्यांदा तिनं उचलला.

“आये, उभा ऊस तोडतीस? खुळी झालीस का? मी येतो आन् हरकत घेतो बग.”

“ये. येताना त्या मॅडमना घिऊन ये,” ती म्हणाली. “म्हनावं, म्हातारी खोटं बोलली, परत लिवून घ्या.” आणि फोन उसाच्या पाचटावर ठेवून दिला.

सडकेवरून जाणारी माणसं थांबून बघत आणि पुढं जात. कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र बनुबाई कोयता खोचून आली.

“तोड चालू केली आन् मला सांगावा न्हाई? आन् हे मधनंच काय वं आक्का? वाट तर तिकडं वढ्याला हाय.”

चंद्राबाईनं कोयता खाली ठेवला. पाणी प्यायली. आणि उभ्या-उभ्या सांगितलं, एकही शब्द न वगळता. म्हसोबा म्हणजे काय, तो कुणी आणला, कुणाच्या डोक्यावरून आणला, वाट मुळात कुठं होती, आणि हरिबाला बाजेखाली असताना काय ठाऊक होतं.

बनुबाई ऐकत होती. चंद्राबाईला वाटलं, आता ही कोयता उगारेल. उगारला तर मान पुढं करायची, एवढंच तिनं ठरवलं.

बनुबाई वाकली आणि ऊस तोडायला लागली. एक शब्द बोलली नाही. तिचा तोडीचा हात, दोन घावांत बुडखा मोकळा. चंद्राबाई मागं पडली. संध्याकाळी बनुबाई न सांगता गेली आणि सकाळी चंद्राबाईच्या आधी येऊन तोडत होती. चंद्राबाईनं आणलेल्या भाकरीला बनुबाईनं हात लावला नाही, आपलं फडकं वेगळं सोडलं. दोघींत चार हातांचं अंतर आणि उसाच्या तुटण्याचा आवाज.

तिसऱ्या दिवशी ऊन कलायच्या आत शेवटच्या दोन सऱ्या आडव्या झाल्या आणि एकदम उजेड पडला. समोर माळ. माळाच्या कडेला पहिलं घर बनुबाईचं. उघडं दार, दारात कोंबड्या. भिंतीला एक बाज उभी करून ठेवलेली, दोन वर्षांत तिच्यावर कुणी झोपलेलं नव्हतं.

बनुबाईनं मागं वळून बघितलं. वाटेच्या दुसऱ्या टोकाला सडक दिसत होती. एक टेम्पो गेला, त्याचा रंगसुद्धा कळला.

ती गेली, बाज ओढून आडवी केली.

“आक्का,” काल दुपारपासून ती पहिल्यांदाच बोलली. “तिकडनं धरा.”

चंद्राबाईनं पायथ्याची बाजू धरली आणि खांद्यावर घेतली. रिकामी बाज, पण मानेतली जुनी कळ वर चढली. बनुबाई पुढं, ती मागं. बुडख्यांवर पाय अडखळत होते. बाजेच्या दोन्ही कडांना ऊस घासत होता, मापात कुठं चूक नव्हती. चंद्राबाई पावलं मोजायला लागली आणि मधेच तिनं ती सोडून दिली. वाट एवढी थोडी होती की मोजायला काही शिल्लकच नव्हतं. कोळशाचा खड्डा आला, तारा आल्या, आणि पायाखाली डांबर लागलं.

बनुबाईनं तिची बाजू खाली ठेवली. तिला धापसुद्धा लागली नव्हती. तिनं सडकेकडं बघितलं, जिथं तेव्हा ती गाडी उभी होती.

“पयल्या वळनापातूर त्यो बोलत हुता, आक्का,” ती म्हणाली. “हितं आनला असता, तर आजून बोलतच असता.”

मग ती डांबरावर बसली आणि दोन वर्षांत कुणी ऐकलं नव्हतं असं रडली. सडकेवर एक मोटारसायकल थांबली, तिच्यावरचा माणूस काही विचारणार होता, पण विचारायचं धाडस झालं नाही. चंद्राबाई मागं उभीच होती. बाजेची तिची बाजू अजून तिच्या खांद्यावर होती आणि ती खाली ठेवायचं तिला सुचत नव्हतं.